रजेच्या मापानं शस्त्रक्रिया बेतू नका
महाराष्ट्रातले प्लास्टिक सर्जन आणि परदेशातून येणाऱ्या रुग्णांसाठी वेगळा विभाग चालवणारी रुग्णालयं यांना खुलं पत्र

सन्माननीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

मी इंग्लंडमधल्या एका जीपी प्रॅक्टिसमध्ये, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, परिचारिका आहे. माझं शिक्षण महाराष्ट्रात झालं आणि नोकरीची पहिली वर्षं तिथल्याच सर्जिकल वॉर्डात गेली. इथे माझ्या कामाचा मोठा भाग ड्रेसिंगचा. गेल्या काही वर्षांत ड्रेसिंगच्या खोलीत एक नवा रुग्णवर्ग दिसू लागला आहे. चाळीस-पन्नास किलो वजन उतरवलेली, मग सैल पडलेली कातडी काढून घ्यायला देशाबाहेर जाऊन आलेली ही माणसं. इथले गोरे रुग्ण बहुधा तुर्कस्तानातून येतात. त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रं लिहितात आणि सरकारही सावध करतं. 2023 मध्ये वैद्यकीय उपचारांनंतर तुर्कस्तानात सहा ब्रिटिश नागरिक दगावल्याचं इथल्या परराष्ट्र खात्यानं प्रवाशांसाठीच्या सूचनांमध्ये नमूद केलं होतं. आपली माणसं मात्र मुंबई-पुण्याहून येतात आणि त्यांच्याबद्दल कुणी काही बोलत नाही, कारण सगळ्यांच्या लेखी ती माहेरी किंवा गावी जाऊन आलेली असतात. त्यांना स्वतःलाही आपण काही जोखीम घेतली असं वाटत नाही. आईच्या हातचं जेवण होतं, डॉक्टर मराठीत बोलत होते, मग परकं काय होतं त्यात?

ही माणसं हौस म्हणून तुमच्याकडे येत नाहीत, हे आधी सांगायला हवं. बेरियाट्रिक म्हणजे वजन कमी करण्याच्या ऑपरेशननं किंवा इंजेक्शनांनी वजन उतरलं तरी ताणलेली कातडी आवळत नाही. पोटाची घडी मांड्यांवर लोंबते. तिच्याखाली घाम साचतो, बुरशी होते, कातडी सोलवटते, वास येतो. चालताना मांड्या घासून रक्त येतं. दंडाची कातडी अशी लोंबते की बाई उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या घालून बसते. मधुमेहाच्या गोळ्या कमी झाल्या, गुडघे दुखायचे थांबले, तरी आरशासमोर उभं राहवत नाही असं मला अनेकींनी सांगितलं आहे. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सैल कातडी काढण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च क्वचितच उचलते. त्यासाठी विशेष अर्ज करावा लागतो आणि बहुतेक अर्ज नामंजूर होतात. खासगीत करायचं तर केअर होममध्ये किंवा गोदामात काम करणाऱ्या माणसाला ते झेपत नाही. म्हणून ते तुमच्याकडे येतात, आणि त्यांना अडवावं असं मला वाटत नाही.

तुमच्या हातांबद्दलही मला शंका नाही. तुमच्याकडून आलेले टाके कधीकधी इतके सुबक असतात की माझे सहकारी थांबून पाहतात. मला भीती वाटते ती तारखांची.

इथून येणाऱ्या रुग्णाची रजा बहुधा तीन आठवड्यांची असते. पहिले दोन-तीन दिवस प्रवासाचा शीण, तपासण्या आणि तुमच्याशी पहिली प्रत्यक्ष भेट यांत जातात. चौथ्या-पाचव्या दिवशी ऑपरेशन. मग ड्रेन (जखमेत साचणारं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या), पोटाभोवती पट्टा, आईच्या घरी विश्रांती, दोन फॉलो-अप. ड्रेन निघाले, सगळं छान आहे, आता जायला हरकत नाही. विमानाचं तिकीट आधीच काढलेलं असतं, आणि ती तारीख ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या आठवड्यात पडते.

तिसरा आठवडा. ब्रिटनमधल्या ‘मिलियन विमेन स्टडी’ या प्रचंड अभ्यासाचे निष्कर्ष 2009 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. सुमारे साडेनऊ लाख मध्यमवयीन स्त्रियांची त्यात नोंद होती. रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया झालेल्या दर 140 स्त्रियांपैकी एकीला पुढच्या 12 आठवड्यांत पायातल्या किंवा फुप्फुसातल्या रक्ताच्या गुठळीसाठी पुन्हा दाखल व्हावं लागलं. ज्यांची कुठलीच शस्त्रक्रिया झाली नव्हती त्यांच्यात हे प्रमाण तेवढ्याच काळात 6,200 मध्ये एक होतं. हा धोका सर्वांत जास्त होता तो शस्त्रक्रियेनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात. हा अभ्यास सगळ्या प्रकारच्या शस्त्रक्रियांचा होता, एकट्या टमी टकचा (पोटाची सैल कातडी काढण्याचा) नव्हता, हे मला माहीत आहे. पण पोटाचे स्नायू आवळून शिवलेले, वरून घट्ट पट्टा, कमरेत वाकून चालणं आणि मुळात जास्त वजनाचं शरीर, या सगळ्यांत गुठळीचा धोका कमी व्हावा असं काय आहे?

त्यावर विमानप्रवास. चार तासांहून लांबचा प्रवास केला की गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालात आहे, आणि ते धडधाकट प्रवाशाबद्दल आहे. मुंबई-लंडन म्हणजे नऊ-दहा तास. त्याआधी कोल्हापूर किंवा नाशिकहून विमानतळापर्यंत गाडीत बसून काढलेले तास कुणी मोजत नाही. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था छाती किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर किमान 10 दिवस विमानात बसू नका असं सांगते. ती खालची मर्यादा आहे. आमच्या रुग्णांना मात्र ती परवानगीसारखी सांगितली जाते: दहा दिवस झाले ना, मग निघा.

माझ्याकडे ड्रेसिंगला आलेल्या एका ताईंना जिना चढून आल्यावर दम लागला होता. “पट्टा घट्ट आहे हो, त्यानंच होतंय,” त्या म्हणाल्या. विमानातही तसंच झालं होतं आणि फोनवर त्यांना पट्टा थोडा सैल करायला सांगण्यात आलं होतं. नाडी आणि ऑक्सिजन पाहून मी ड्रेसिंग बाजूला ठेवलं आणि रुग्णवाहिका बोलावली. गुठळी फुप्फुसात होती. त्या वाचल्या. त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर रक्त पातळ करण्याच्या इंजेक्शनचा एक शब्दही नव्हता. ती दिली होती का, किती दिवस दिली, पुढे चालू ठेवायची होती का, हे आम्हाला रात्री उशिरापर्यंत कळलं नाही.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी अशी. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी परदेशातून येणाऱ्याला तारीख देण्याआधी त्याची रजा किती ते विचारा. पोटाची किंवा कमरेभोवती संपूर्ण वळसा घेणारी शस्त्रक्रिया असेल आणि त्यानंतर सहा आठवडे राहणं जमत नसेल, तर तारीख देऊ नका. तो रागावेल, दुसरीकडे जाईल, कदाचित दुसरे डॉक्टर करूनही देतील. पण तुम्ही सगळ्यांनी मिळून हा दंडक पाळला तर जाण्यासाठी दुसरीकडे उरणारच नाही. विनावेतन रजा काढणं किती कठीण असतं ते मला ठाऊक आहे. तरीही दोन वर्षं थांबून सहा आठवडे जमवलेले लोक माझ्या पाहण्यात आहेत, आणि त्यांची ड्रेसिंगं मला फारशी करावी लागली नाहीत.

रजा तुटपुंजी असली की दुसरी एक गोष्ट घडते. “पुन्हा यायला दोन-तीन वर्षं लागतील डॉक्टर, एकदाच सगळं करून टाका,” असं रुग्ण म्हणतो. पोट, दंड, मांड्या, छाती, सगळं एकाच भुलीखाली. पॅकेजमध्येही ते स्वस्त पडतं. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी गेलेल्या 93 अमेरिकी नागरिकांचा 2009 ते 2022 या काळात मृत्यू झाला, अशी नोंद सीडीसीनं 2024 मध्ये प्रसिद्ध केली. ज्या मृत्यूंचा तपशील मिळाला त्यांतले बहुतेक चरबीच्या किंवा रक्ताच्या गुठळ्यांनी झाले होते. त्यांपैकी बऱ्याच जणांचं वजन मुळात जास्त होतं आणि एकाच वेळी अनेक शस्त्रक्रिया केलेल्या होत्या. तिथलं ऑपरेशन आणि तुमचं ऑपरेशन सारखं नाही, तिथे नितंबात चरबी भरण्याचा प्रकार फार होता. पण एकाच वेळी अनेक जागा उघडण्याची घाई तीच आहे.

वॉर्डात काम केलेल्या माणसाला यातलं पुढचं डोळ्यांसमोर दिसतं. दोन्ही दंडांना टाके, म्हणून हात टेकून उठता येत नाही. पोटाला टाके, म्हणून कुशीवर वळता येत नाही. मांड्यांना टाके, म्हणून पाय उचलून चालवत नाही. पहिल्या दिवसापासून चालवा असं आपण सगळ्यांनाच सांगतो, पण या बाईनं चालायचं कसं? ती पडून राहते, आणि पडून राहिलेल्या पायातच गुठळी होते. पोट आणि दंड एका वर्षी, मांड्या पुढच्या, असं ठामपणे सांगणारे सर्जन तुमच्यात आहेत. त्यांच्याकडचे रुग्ण नाराज होऊन आले आणि वर्षभरानंतर त्यांचेच गोडवे गाऊ लागले, हे मी पाहिलं आहे.

संमतीबद्दलही थोडं बोलायचं आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये स्पष्ट सांगितलं की एका प्रक्रियेला दिलेली संमती दुसऱ्या प्रक्रियेला लागू होत नाही, आणि रुग्ण भुलीखाली असताना आईकडून घेतलेली संमती तिची संमती ठरत नाही. जिवावर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी. ‘टेबलावर आहेच तर कंबरही करून घेऊ’ असं बाहेर बसलेल्या आईला किंवा नवऱ्याला विचारून उरकलेलं काम या निकालात बसत नाही. लंडनहून आलेल्या लेकीच्या बाबतीत घरच्यांचा उत्साह फार असतो, ते हो म्हणणारच.

आता आहाराकडे येते, कारण माझ्यासमोर उघडलेल्या बहुतेक जखमांचं मूळ मला तिथे दिसतं. टाके उसवण्याची जागा बहुधा ठरलेली असते: उभा आणि आडवा छेद जिथे मिळतात तो कोपरा. तिथे रक्तपुरवठा सर्वांत कमी, आणि जखम भरून यायला प्रथिनं लागतात. पण ही माणसं मुळात अर्धपोटी असतात. स्लीव्ह किंवा बायपास या वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया झालेल्या पोटात एका वेळी वाटीभरच अन्न मावतं. बायपासनंतर लोह, बी-12, कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. शाकाहारी माणसाच्या अंगात बी-12 अनेकदा आधीच कमी असतं. अशा रुग्णांना दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि एका वाटी वरणातून मिळतात पाच-सात ग्रॅम. हिमोग्लोबिन दहाच्या खाली असतानाही टेबलावर घेतलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, कारण रक्ततपासणीचा अहवाल ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आला होता आणि तारीख बदलायला रजा उरली नव्हती.

इथल्या शाळांना मोठी सुट्टी जुलैअखेरीपासून ऑगस्टभर असते, म्हणून मुलं असलेल्या बायका त्याच काळात येतात. तेव्हा आपल्याकडे श्रावण असतो. सोमवार, शनिवार, मग हरतालिका. ऑपरेशन झालेली लेक उपवास धरते, कारण घरात सगळ्यांचा असतो, आणि साबुदाण्याची खिचडी खाऊन राहते. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. अंड्यांचा तर प्रश्नच नाही. डिस्चार्ज देताना ‘पौष्टिक खा’ एवढंच सांगितलेलं असतं. ‘एक महिना एकही उपवास नाही’ असं तुम्ही सासू आणि आई दोघींसमोर सांगा. डॉक्टरांचा शब्द त्या मानतात, परिचारिकेचा मानतीलच असं नाही.

तपासण्यांचं म्हणाल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12, डी जीवनसत्त्व, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) हे सगळं तिकीट काढण्याच्या तीन महिने आधी, इथेच, करायला सांगा. कमतरता भरून काढायला तेवढा वेळ लागतोच. वजन निदान सहा महिने स्थिर आहे का तेही तेव्हाच कळेल. अजून उतरत असलेल्या वजनावर केलेलं ऑपरेशन वर्षभरात पुन्हा सैल दिसतं आणि मग त्या बाईला सगळं फुकट गेल्यासारखं वाटतं.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल स्वतंत्रपणे विचारा. माउंजारो आणि वेगोव्ही इथे बरेच जण ऑनलाइन फार्मसीतून, स्वतःच्या पैशानं घेतात. त्याची नोंद आमच्याकडेही नसते. घरच्यांना कळू नये म्हणून ते तुम्हालाही सांगत नाहीत, ‘डाएट केलं’ म्हणतात. या औषधांनी पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. रात्रीपासून उपाशी असलेल्या रुग्णाच्या पोटातही अन्न शिल्लक राहू शकतं, आणि भूल देताना ते वर येऊन फुप्फुसात गेलं तर काय होतं ते भूलतज्ज्ञांना मी सांगायला नको. आई शेजारी बसलेली असताना हा प्रश्न विचारू नका. खरं उत्तर मिळणार नाही.

जंतूंचा विषय नाजूक आहे. 2010 मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या वैद्यकीय नियतकालिकात एनडीएम-1 वरचा, म्हणजे जंतूंना प्रतिजैविकांपासून वाचवणाऱ्या एका गुणधर्मावरचा, शोधनिबंध आला तेव्हा त्याला नवी दिल्लीचं नाव दिल्याबद्दल भारतात मोठा संताप झाला होता. तो राग मला समजतो. पण त्या निबंधातले काही ब्रिटिश रुग्ण भारतात किंवा पाकिस्तानात शस्त्रक्रिया करून आले होते, त्यांत सौंदर्यशस्त्रक्रियाही होत्या, ही गोष्ट रागानं पुसली जात नाही. गेल्या वर्षभरात परदेशी रुग्णालयात राहून आलेला माणूस इथे दाखल झाला की त्याची अशा जंतूंसाठी तपासणी होते आणि अनेकदा त्याला वेगळ्या खोलीत ठेवतात. आमच्या लोकांना त्यात अपमान वाटतो. तुम्ही आधी सांगितलंत तर वाटणार नाही. जखमेतून पू आला असेल आणि कल्चर (जंतू ओळखण्याची तपासणी) केलं असेल, तर तो अहवाल रुग्णाच्या हातात द्या. कुठल्या प्रतिजैविकाला जंतू दाद देत नाही हे कळलं की आमचे पाच-सहा दिवस वाचतात.

क्षयरोगाच्या जंतूच्या नात्यातले, पाण्यात आणि नीट निर्जंतुक न केलेल्या उपकरणांवर टिकणारे जंतूही असतात. ते उशिरा डोकं वर काढतात. रुग्ण परतून महिना-दीड महिना झाला, टाके भरले, आणि मग व्रणाच्या कडेनं लालसर-जांभळ्या गाठी येऊ लागतात. नेहमीच्या कल्चरमध्ये काही उगवत नाही, नेहमीच्या गोळ्यांनी काही होत नाही, उपचार कित्येक महिने चालतात. असा रुग्ण तुमच्याकडून आला असं आम्ही कळवलं, तर कृपया त्याकडे तक्रार म्हणून बघू नका. त्याच आठवड्यात त्याच थिएटरमध्ये ऑपरेशन झालेल्या इतरांसाठी ती माहिती मोलाची आहे.

आता कागद. माझ्यासमोर येतं ते साधारण असं: पॅकेजची पावती, गोळ्यांची यादी असलेलं डिस्चार्ज कार्ड, रुग्णालयातर्फे परदेशी रुग्णांची व्यवस्था पाहणाऱ्या को-ऑर्डिनेटरचा नंबर आणि फोनमधले फोटो. को-ऑर्डिनेटर तत्परतेनं उत्तर देतात, पण ते डॉक्टर नसतात. ‘सर म्हणाले नॉर्मल आहे, फोटो पाठवा.’ फोटोत ऊब कळत नाही, वास कळत नाही, दाबल्यावर खाली पाणी हलतंय का ते कळत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर तर जखमेभोवतीची लालीही फोटोत दिसत नाही. अशा ‘नॉर्मल’ फोटोच्या खालून मी वाटीभर पू काढला आहे.

मला हवं आहे ते एका पानात मावतं. नेमकं काय काय केलं, पोटाचे स्नायू शिवले का, किती वजनाची कातडी काढली, रक्त चढवलं का, शेवटचं हिमोग्लोबिन किती, ड्रेन कधी काढले, टाके विरघळणारे आहेत का, गुठळी टाळण्याचं इंजेक्शन कोणत्या तारखेपर्यंत, पट्टा किती आठवडे. आणि तुमचं नाव, नोंदणी क्रमांक, थेट फोन. हे पत्र रुग्णाच्या हातात द्या आणि त्याच्या संमतीनं त्याच्या इथल्या जीपीला ईमेलही करा. माझी एवढीच एक मागणी मान्य केलीत तरी पुढच्या रुग्णाची निम्मी धावपळ वाचेल.

पैशांचा प्रश्नही ऑपरेशनआधी लिहून द्या. जखम चिघळली तर एनएचएस जीव वाचवेल, पू काढेल, ड्रेसिंग करेल. वाकडा व्रण सरळ करणं किंवा उरलेली कातडी पुन्हा काढणं ती सहसा करत नाही. नेहमीचा प्रवासविमा ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेची गुंतागुंत बहुधा भरत नाही. मग दुरुस्तीसाठी पुन्हा यावं लागलं तर थिएटरचा खर्च कुणाचा, हे पॅकेजच्या कागदावर असायला हवं. रुग्ण हे विचारायला संकोचतात. आपल्याच डॉक्टरांना असं कसं विचारायचं, असं त्यांना वाटतं.

नाताळच्या रजेत येणाऱ्यांची विचारणा तुमच्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरातच सुरू होते. त्या पहिल्या व्हिडिओ कॉलवर तारीख आणि दर सांगण्याआधी रजा, वजन, इंजेक्शनं आणि रक्ततपासण्या विचारा. ड्रेसिंगची काळजी करू नका, ते आम्ही करू, आनंदानं करू. पण अडलं तर रुग्णाच्या फोनमधल्या को-ऑर्डिनेटरला नव्हे, तुम्हाला विचारता आलं पाहिजे. आमचा दवाखाना सकाळी उघडतो तेव्हा तुमच्याकडे दुपारची ओपीडी चालू असते. त्या वेळी फोन उचलणारा एक डॉक्टर नेमा आणि त्याचा नंबर पत्रावर छापा.

आपली नम्र,
इंग्लंडमधली एक मराठी परिचारिका